त्रेपन्न किलोची चैताली

चैताली स्वस्थ बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने येऊन सांगावं. कान्ह्याच्या स्टेशनावर लोकलची वाट बघतानाही ती बाकावर टेकायची नाही, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारायची. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या कारखान्यात तर तिने एक नवंच वेड लावून घेतलं होतं. गुळाच्या ढेपा तोलायचा काटा मोकळा दिसला, की ही चपला काढून त्यावर उभी. आल्या आल्या एकदा, जेवणाआधी, जेवणानंतर, आणि घरी निघताना पुन्हा. शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले की तेवढ्यावर हिचा चेहरा फुलायचा नाहीतर पडायचा. मालकांनी एकदा विचारलंही, "काय गं, ढेपेच्या भावात विकू का तुला?" सगळे हसले. चैताली हसली नाही.

तिला हसू येण्यासारखं काही नव्हतंच. तेवीस वर्षांची ही मुलगी तीन वर्षं मॅटवरची कुस्ती शिकत होती आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिची अजून एकही कुस्ती झालेली नव्हती. पहिल्या वर्षी घोटा मुरगळला. दुसऱ्या वर्षी डेंग्यूने झोपवलं. गेल्या वर्षी सगळं जुळून आलं, त्रेपन्न किलोच्या गटात नाव लागलं, आणि ऐन वजनाला उभी राहिली तर चारशे ग्रॅम जास्त. पंचांनी मान हलवली, ही खाली उतरली, आणि दिवसभर खुर्चीवर बसून दुसऱ्या मुलींच्या कुस्त्या बघून घरी आली. यंदा काही झालं तरी जिल्ह्याच्या मॅटवर पाय ठेवायचाच, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिचं जेवण बघून शेजारपाजारच्या बायका हळहळायच्या. सकाळी दोन उकडलेली अंडी. दुपारी एक भाकरी, मटकीची उसळ, काकडी. संध्याकाळी कामशेतच्या तालमीत दोन तास अंग मोडेपर्यंत सराव, आणि घरी आल्यावर पुन्हा भाकरी, वाटीभर दही, नाहीतर भाजलेला बोंबील. घरात इंद्रायणी तांदळाचा भात शिजायचा आणि ही त्या वासात बसून भाकरी चावायची. सत्तावन्न किलोंवरून तिने सुरुवात केली होती. पंचावन्न चारशेपर्यंत काटा बऱ्या बोलाने खाली आला आणि तिथेच रुसून बसला. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग हिने रात्रीची भाकरी बंद केली. तरी काटा ढिम्म. दुपारची अर्धी केली. आता ती आईवर खेकसायची, लोकलमध्ये कुणाचा धक्का लागला तरी भांडायची, आणि पहाटे गावातल्या विहारापासून स्टेशनापर्यंत पळताना तिचे पाय लटपटायचे.

तालमीत तिच्यापेक्षा चार किलोंनी हलक्या पोरीने तिला उचलून आपटलं, तेव्हा नथूभाऊंचा संयम सुटला. नथूभाऊ तालमीचे वस्ताद, मूळचे इंदुरीचे, जुने पैलवान, तोंडाने फटकळ.

"चोरून खातीस," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "एवढं करून वजन उतरत न्हाई म्हंजे कायतरी आत जातंय."

चैताली पिशवी उचलून निघाली आणि घरी जाऊन ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी अनिता, तिची आई, पदर खोचून तालमीत हजर. "भाऊ, पोरगी माझी भाताच्या वासावर जगतीया आन तुमी तिला चोर म्हनता? या की घरी, बघा तिच्या ताटात काय असतं ते!"

"ताट न्हाई बघायचं मला," नथूभाऊ जरा नरमले. "ती दिवसभर जितं असती तितं येतो."

आणि खरंच शनिवारी नथूभाऊ चिक्कीच्या कारखान्यात येऊन स्टुलावर बसले. चाचणीला साडेपाच आठवडे उरले होते.

आता चैतालीचं काम समजून घ्यायला हवं. कढईत गूळ वितळून पाक होतो, आणि तो नेमका कधी झाला हे घड्याळ सांगत नाही. चमच्याने थेंब पाण्यात टाकायचा, गोठला की उचलून दाताखाली फोडायचा. दाताला चिकटला तर अजून कच्चा. कडकन फुटला तर कढई उतरवायची आणि शेंगदाणे घालायचे. क्षणभर उशीर झाला तर पाक कडवट होतो. ही परीक्षा पूर्वी भागुबाई करायची. साठीची भागुबाई कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. तिच्या दाढा पडल्या तसा तिने हा मान चैतालीला दिला होता, आणि चैतालीने होय म्हटल्याशिवाय कढई खाली उतरत नसे.

नथूभाऊ तासभर बघत राहिले. पाच घाणे निघाले.

"पोरी, तू चौदा तुकडे खाल्लंस," ते म्हणाले.

"मी?" चैतालीला खरंच कळेना. "भाऊ, मी पाक बघितला फक्त."

"आन गिळला कुनी?"

"अहो, ते काय खाणं आहे का? ते काम आहे माझं!"

नथूभाऊंनी वाद घातला नाही. तेवढेच चौदा तुकडे मागून घेतले, काट्यावर ठेवले आणि दिवसभराच्या घाण्यांचा हिशेब तोंडी केला. दिवसाला दीडशे ग्रॅम गूळ. "तीन भाकऱ्या झाल्या ह्या. घरची भाकर सोडलीस, जी अंगाला लागती, आन ही गोडाची गिळत बसलीस. उद्यापासनं भाकर, अंडी, उसळ, सगळं पोटभर खायचं. हे बंद."

चैतालीला लाज वाटली, हसू आलं आणि स्वतःचाच संतापही आला. तीन वर्षांत हजारो तुकडे पोटात गेले असतील आणि तिला एकदाही आपण खातोय असं वाटलं नव्हतं.

पण बंद करायचं कसं? थुंकायची सोय नव्हती. भट्टीच्या खोलीत कुणी थुंकायचं नाही हा कडक नियम होता, आणि भागुबाईला तर नुसत्या कल्पनेनेच शिसारी आली. भट्टीवरच्या पप्पूला एक दिवस पाक बघायला बसवलं, तर दोन घाणे असे चिवट झाले की फेकून द्यावे लागले. शेवटी भागुबाईच म्हणाली, "दाढा गेल्या म्हनून काय झालं, फुडचं दात हायेत की मला. महिनाभर मी बघते. तू जा तुज्या कुस्तीला."

चैताली सुटली. भाकरी परत ताटात आली, पाय पळायला लागले, आणि चार आठवड्यांत काटा त्रेपन्न सहाशेवर आला. रोज भागुबाई विचारायची, "किती उतरलं?" आणि आकडा ऐकून टाळी द्यायची.

चाचणीला दहा दिवस असताना भागुबाई नळापाशी पाणी पिता पिता मटकन खाली बसली. चैतालीने धावत जाऊन तिला धरलं. तिच्या पिशवीतून रुमाल काढायला गेली तर हाताला गोळ्यांचं पाकीट लागलं.

"मावशी, साखर आहे तुम्हाला?"

"हाय थोडी. गोळी घेते की मी."

"थोडी?" चैताली तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. साखर साडेतीनशेच्या वर होती. डॉक्टर भागुबाईला बोलत होते आणि प्रत्येक शब्द चैतालीला लागत होता. आपल्या अंगावरून उतरलेला गूळ महिनाभर या बाईच्या पोटात जात होता आणि आपण टाळ्या देत होतो. बाहेर आल्यावर ती भर रस्त्यात ओरडली, "सांगितलं का नाही? मरायचं होतं का माझ्या त्रेपन्न किलोंसाठी?"

"तीन वर्सं तळमळतीयास तू," भागुबाई म्हणाली. "मला बघवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी चैतालीने पाकाचा चमचा स्वतःकडे घेतला. तुकडा दाताखाली फोडायचा, "उतरवा!" म्हणून ओरडायचं आणि तशीच पळत मागच्या अंगणातल्या मोरीवर जाऊन थुंकायचं, चूळ भरायची, पुन्हा पळत यायचं. दिवसाला पस्तीस घाणे, शंभरएक फेऱ्या. भागुबाई आधी तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवसापासून तीच मोरीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवायला लागली. मालक म्हणाले, ही पोरगी आता कारखान्यातच पळायची स्पर्धा भरवणार.

चाचणी तळेगावच्या एका हॉलमध्ये होती. सकाळी सात वाजता चैताली काट्यावर चढली आणि तिने डोळे मिटून घेतले. "बावन्न नऊशे," पंच म्हणाले. "पुढची." ती उतरली तेव्हा नथूभाऊंनीच जोरात श्वास सोडला. मग तिने दोन केळी आणि आईने दिलेला दहीभात खाल्ला, सावकाश, एकेक घास चावून.

साडेअकराला तिचं नाव पुकारलं. समोरची मुलगी दोनदा राज्य पातळीवर खेळून आलेली. चैतालीने पहिल्याच झटक्यात तिचा पाय पकडला, दोन गुण घेतले, आणि हॉलमध्ये अनिताचा आवाज घुमला. मग ती मुलगी सावरली. दोन मिनिटं दहा सेकंदांनी तिने चैतालीला चितपट केलं. तीन वर्षं, आणि दोन मिनिटं दहा सेकंद. मॅटवर पाठ टेकलेली असताना चैतालीला वरचे पंखे दिसत होते, आणि उठावंसं वाटत नव्हतं.

बाहेर पायरीवर बसून तिने भागुबाईला फोन लावला. कारखान्यात भट्टीचा आवाज होता, म्हणून तिला ओरडूनच सांगावं लागलं.

"मावशी, हरले मी!"

पलीकडून भागुबाई त्याहून मोठ्याने ओरडली, कुणाला तरी सांगत असावी, "आगं ए, आयकलं का? चैताली खेळली!"

मॅटवर न आलेलं रडू चैतालीला तिथे पायरीवर आलं.