भाऊजींची फिरती ओसरी

आमच्या भाऊजींइतका वाऱ्याला भिणारा माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही, आणि वाऱ्याला भिऊन त्यांनी आमच्या ताईचं जेवढं नुकसान केलं तेवढं वाऱ्याने आजवर कुणाचं केलं नसेल. हे मी रागाने लिहितो आहे आणि राग अजून उतरलेला नाही. पण भाऊजींबद्दल कितीही रागाने लिहायला बसलं तरी दुसऱ्या ओळीला हसू फुटतं, ही त्यांच्या बाबतीतली मोठीच अडचण आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेत मालगाडीचे डबे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लांब दांड्याच्या हातोड्याने चाकं ठोकत जायचं, आवाज खणखणीत आला तर डबा ‘फिट’, बद्द आला तर डबा आजारी, खडूने त्यावर ‘सिक’ लिहून तो बाजूच्या रुळावर काढायचा. तरुणपणी एकदा त्यांनी फिट ठरवलेल्या डब्याचं चाक वाटेत तापलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून फिट लिहिताना त्यांचा हात अडू लागला आणि सिक लिहिताना फारच सैल सुटला. निवृत्तीच्या दिवशी हातोडा जमा झाला, खडू मात्र खिशात राहिला. त्यांनी मिक्सरवर सिक लिहिलं, गच्चीच्या कठड्यावर लिहिलं, आणि माझ्या स्कूटरवर तर मी आत चहा पीत असताना लिहिलं. सदर बाजारात माझं चष्म्यांचं दुकान आहे. त्या दुकानासमोर ती स्कूटर दिवसभर उभी होती, आणि एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, “भैया, यहाँ डॉक्टर भी बैठते हैं क्या?” एकदा ताई गुडघा चोळत बसली होती तर हे खडू घेऊन पुढे सरसावले. “लिहून त पाहा,” ताई म्हणाली, “माह्यं लाटनं फिट हाये.” त्या दिवशी भाऊजींनी माघार घेतली.

निवृत्तीनंतर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि तिची कॅम्परव्हॅन केली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि बाहेरच्या अंगाला गुंडाळून ठेवलेलं एक कापडी छत. हँडल फिरवलं की छत उलगडत बाहेर यायचं, त्याचे दोन पाय जमिनीवर टेकवायचे आणि खाली खुर्च्या मांडायच्या. भाऊजी त्याला ऑनिंग म्हणत, शेजारीपाजारी तिरपाल म्हणत, ताई मात्र पहिल्याच दिवशी ‘ओसरी’ म्हणाली. लहानपणी बाबांनी आम्हाला भर पावसाळ्यात चिखलदऱ्याला नेलं होतं. दरी बघायची राहिलीच, एसटीच्या गळक्या शेडमध्ये दिवसभर कुडकुडलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. ताईला त्याच पावसात, त्या दरीच्या काठावर, कोरडं बसून एक कप चहा प्यायचा होता. तिने भाऊजींकडे आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. भाऊजींनी शब्द दिला. सगळं बिघडलं ते तिथेच, कारण शब्द दिला म्हणजे तपासणी आली.

त्यांचं घर तेलीबांधा तळ्याच्या पुढे, बाजूला रिकामा प्लॉट. दर रविवारी तिथे ओसरी उलगडायची आणि मदतीला मी. खुंटी सरळ ठोकायची नाही, तिचं डोकं छतापासून बाहेर झुकलेलं हवं. मुरूम कडक लागला आणि खुंटी शिरली नाही तर पायांना पाण्याने भरलेल्या कॅना बांधायच्या. एक पाय वीतभर आखूड ठेवायचा, म्हणजे पाणी एका अंगाने ओघळून जातं, मधे साचत नाही. दोरीला कुणी अडखळू नये म्हणून तिला लाल चिंधी बांधायची. मी नेमका चिंधी बांधलेल्या दोरीलाच अडखळून तोंडावर पडलो, तर मला उठवण्याआधी भाऊजींनी खुंटी हलली की काय ते वाकून पाहिलं. आणि सगळ्या नियमांच्या वरचा नियम: “वारा सुटला का आधी गुंडाळाचं, मंग बोलाचं.” हा नियम ते घरातही पाळत. ताईचा आवाज जरा चढला की ते चप्पल घालून चालू लागत.

पहिल्या वर्षी जूनमध्ये ताईने बॅग भरली. निघायच्या आधी वावटळीने एक खुंटी उपटली आणि छत उलटून गाडीच्या टपावर गेलं. सिक. दुसऱ्या वर्षी कापडाच्या पोटात पाणी साचलं आणि पाय वाकला. सिक. तिसऱ्या वर्षी शिवणीतून थेंब गळून ताईच्या कपात पडले. “पडू द्या नं जी, चहाच वाढून राहिला,” ती म्हणाली, पण भाऊजींचा खडू बाहेर आला होता. पुण्याहून भाचीचा फोन आला: “मामा, पापा को समझाओ ना, बिना छत के ही चले जाएँ.” मी समजावायला गेलो. भाऊजींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कोरडी बसवतो म्हनलं तिले. तिथं जाऊन ओली झाली त मी कोनतं तोंड दाखवू, बाबू?” माणूस लबाड असता तर मला कडकडून भांडता आलं असतं. ताईने बॅग रिकामी करणंच सोडून दिलं. ती पलंगाखाली भरलेलीच असायची, ताई फक्त वर्षाकाठी तिच्यातल्या डांबरगोळ्या बदलायची.

चौथ्या वर्षी एका सोमवारी भाऊजींनी छताच्या पायावर फिट लिहिलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, अक्षर कापरं होतं. गुरुवारी निघायचं ठरलं. बुधवारी सकाळी ताईच्या हातून कप पडला. झटका होता. उजवी बाजू गेली, आणि डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाचं नावही काढू दिलं नाही.

मी भाऊजींशी दोन महिने धड बोललो नाही. ऑगस्टमधल्या एका दुपारी ताईला भेटायला गेलो तर तिची चाकांची खुर्ची प्लॉटवर आणलेली, ओसरी उलगडलेली, आणि भाऊजी गाडीतल्या शेगडीवर चहा करत होते. तिनेच बाहेर न्या म्हटलं होतं. चहा हातात येईपर्यंत पाऊस सुरू झाला आणि पाठोपाठ तळ्याकडून वारा सुटला. छत फडफडायला लागलं. भाऊजी सवयीने हँडलकडे धावले.

“राहू द्या,” ताई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होता.

“वारा पाह्य ना कसा सुटला.”

“राहू द्या म्हनलं ना.”

भाऊजींनी हँडल सोडलं आणि ओसरीचा एक पाय दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. दुसरा मी धरला. चांगली अर्धी घटका वारा घोंगावत होता. दोऱ्या ताणल्या गेल्या, कापड फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं. पाणी आखूड पायाकडून ओघळत राहिलं, खुंट्या तसूभर हलल्या नाहीत. खरं तर आम्ही धरायची काही गरजच नव्हती. ताईने डाव्या हाताने सावकाश चहा संपवला. तिच्या अंगावर एक थेंब पडला नाही.

“धरते नं जी हे,” ती म्हणाली. “पयलेपासूनच धरत असन.”

भाऊजींनी धरलेला पाय सोडला. मीही सोडला. चार वर्षं मी जी कडू वाक्यं तयार करून ठेवली होती, ती सगळी तिने एकटीने म्हणून टाकली होती.

पाऊस ओसरल्यावर ताईला आत नेलं. मी स्कूटरकडे निघालो तर भाऊजी गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराशी खडू घेऊन उभे. ओल्या पत्र्यावर सिक लिहिलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आता गाडीले काय झालं?”

“गाडी फिट हाये, बाबू,” ते म्हणाले. “चालवनाऱ्याचं लिहून राहिलो.”

ओल्या पत्र्यावरची ती अक्षरं तशीही टिकणार नव्हती. तरी मी खिशातून चष्मे पुसायचं फडकं काढलं आणि दार पुसलं. त्यांनी मला थांबवलं नाही. ओलं छत गुंडाळलं की त्याला बुरशी धरते, हाही त्यांचाच नियम. म्हणून त्या दिवशी ओसरी तशीच उघडी ठेवली, आणि मी निघालो तेव्हा ताई खिडकीतून तिच्याकडे पाहत बसली होती.