चौक्याच्या पंपावर

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. शनिवारी रात्री मी चौका गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर धावायच्या कपड्यांत उभी होते आणि आमच्या टीमचं कोणीच येत नव्हतं...

आधी थोडं सांगते. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात मी क्वालिटी विभाग बघते. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही, त्यामुळे मी लोकांना फार आवडते असं नाही. ते मला चालतं. निदान चालतं असं मी धरून होते.

यंदा वसाहतीतल्या कंपन्यांनी मिळून रात्रभराची रिले शर्यत ठेवली. सिल्लोडहून निघायचं आणि आळीपाळीनं धावत सकाळी शेंद्र्याला पोचायचं. टीममध्ये एक तरी बाई हवी, असा नियम होता. मी रोज पहाटे हर्सूल तलावावर धावते हे कोणाला तरी माहीत होतं.

"मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तर आपली टीमच बाद," आमचा कॅप्टन गायकवाड म्हणाला. 'आपली' म्हणाला, म्हणून मी तयार झाले.

जाताना ट्रॅव्हलरमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली. गाडीत शांतता होती, पण मध्येच सगळे एकदम हसायचे. मला वाटलं, जो तो आपापल्या मोबाइलवर काही बघतोय...

माझ्या आधी स्टोअरमधला वाजिद धावणार होता, सिल्लोडचाच मुलगा. त्याच्याकडून बॅटन घ्यायची, घाट उतरायचा आणि हर्सूलपर्यंत पोचवायची, एवढं माझं काम. मला पंपावर सोडून गाडी त्याला हेडलाइटचा उजेड द्यायला परत गेली.

पंपावर बाकीच्या कंपन्यांचेही धावणारे होते. थोड्या वेळानं ते मोबाइल बघून एकेक करून आल्या रस्त्यानं मागे चालू लागले. एका मुलीनं विचारलंसुद्धा, "काकू, येताय ना?" मला वाटलं, कुठं शेकोटी वगैरे असेल. मी मानेनंच नाही म्हटलं. नेमून दिलेली जागा सोडायची मला सवय नाही.

मग मी एकटीच. ट्रक येत होते, डिझेल भरून जात होते. व्यायाम करून तापवलेले पाय थंडीनं गार पडले. वाजिदला गाडीनं उडवलं तर नसेल, असंही मनात येऊन गेलं. शेवटी गायकवाडला फोन लावला.

"मॅडम, कुठं आहात तुम्ही? वाजिद येऊन कधीचा उभा आहे इथं."

"इथं म्हणजे कुठं? मी पंपावर आहे."

"पंपावर ट्रक फार झाले म्हणून आयोजकांनी जागा बदलली ना... अलीकडच्या मंगल कार्यालयापाशी. मी ग्रुपवर टाकलं होतं."

मी टीमचा ग्रुप उघडला. शेवटचा मेसेज माझाच होता, 'सर्वांनी वेळेवर यावे.' त्याच्या खाली काही नाही. तसं मी त्याला सांगितलं.

फोनवर मागून वाजिदचा आवाज आला, धापा टाकत. "अरे बाबा, मॅडम कुठंयत त्या ग्रुपात?"

म्हणजे आणखी एक ग्रुप होता, माझ्याशिवायचा.

"गाडी पाठवतो मॅडम," गायकवाड म्हणाला. मी म्हटलं, नको, येते. तशीच मागे पळत गेले.

मंगल कार्यालयासमोर सगळे खाली बघत उभे होते. वाजिद काही सांगायला लागला. मी म्हटलं, "बॅटन द्या." घेतली आणि निघाले.

घाटात गाडी माझ्या मागे होती, आणि त्या उजेडात माझीच सावली पुढं पळत होती. गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत असणार... मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. एकदा ऑफिसचा खालचा अख्खा मजला कोणाच्या तरी बाळाच्या बारशाला गेला होता. मला सोमवारी पेढ्यावरून कळलं. तेव्हा वाटलं होतं, बोलवायचं राहून गेलं असेल. राहून गेलं नव्हतं.

हर्सूलला बॅटन दिली. सकाळी शर्यत संपली, नंबर काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मला त्या ग्रुपमध्ये घेतलं. नाव होतं 'चहा आला रे'. एवढं साधं नाव. माझ्याविरुद्ध काही असतं तर निदान राग तरी आला असता. सगळ्यांनी हात जोडून स्वागत केलं, आणि त्यानंतर तिथं रोज सकाळी एक फूल आणि शुभ सकाळ... बस, एवढंच.

आठवडाभरानं मी आपणहून बाहेर पडले. त्याच दुपारी खालच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी. ऑफिसमधलं कोणी इथं माझ्या मित्रयादीत नाही म्हणून लिहिते, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काल वाजिद माझ्या केबिनमध्ये आला. हातात कागद नाही, काही काम नाही. बसा म्हटलं तरी उभाच.

"मॅडम, ते ग्रुपचं... तुम्ही चहा घेत नाही ना, म्हणून तुम्हाला घेतलं नव्हतं. दुसरं काही नाय."

माझ्यासमोर अर्धा प्यायलेला चहाचा कप होता. वाफ येत होती. त्यानं तो बघितला. मीही बघितला.

"हो," मी म्हणाले. "मला चहा चालत नाही."

"जी मॅडम," म्हणून तो गेला.

इतक्या वर्षांत माझं मन राखायला कोणी जिना चढून वर आलं नव्हतं. तेव्हा त्याचे आभार मानायचं सुचलं नाही... ते इथं मानते.