व्याह्यांच्या ढाबळीतली राखी मादी

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. शर्यतीच्या कबुतरांची जोड निवडताना फसवलं, दिवसाढवळ्या फसवलं, आणि खरं बोलून फसवलं. हे शेवटचं ऐकलं की आमच्या घरात सगळे हसतात. बायको म्हणते, खरं बोलण्याला फसवणूक म्हणणारा माणूस माझ्याच नशिबी यायचा होता. म्हणून सगळं रीतसर लिहून ठेवतो. वाचणाऱ्यानं ठरवावं.

मी वाशीच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावच्या, बाजारात पोती उचलून सुरुवात केली. मग काही वर्षं बैलबाजारात दलाली केली. आता स्वतःचं आडत दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, बाकीचं शिक्षण रुमालाखाली झालं. ज्यानं बैलबाजार पाहिला नाही त्याला सांगतो, दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे भोवतालच्यांना आकडा कळत नाही. लोकांना वाटतं त्यात बोटं महत्त्वाची. बोटं कुणालाही येतात. पाहायचं असतं ते समोरच्याचं तोंड. जो 'न्या, न्या' म्हणतो, त्याला ते जनावर खपवायचं असतं. जो 'त्याच्याकडं बघू नका' म्हणतो, त्याला ते द्यायचं नसतं. या दोन गोष्टींवर मी दुकान उभं केलं, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. आजवर त्या खोट्या ठरल्या नव्हत्या.

कबुतरांचा शौक मला उशिरा लागला. घराच्या गच्चीवर जाळीची ढाबळ केली. शर्यत समजायला सोपी आहे. सगळ्यांची कबुतरं एका गाडीतून लांब न्यायची, एकाच वेळी सोडायची, आणि ज्याचं कबूतर आधी घरी येईल तो जिंकला. आमच्या भागातली गाडी उत्तरेला जाते. आधी संभाजीनगर, मग जळगाव, आणि शेवटी भोपाळ. जळगावपर्यंत माझी कबुतरं कुणाला ऐकत नव्हती. पण शौकीन माणसाची किंमत भोपाळवर ठरते, आणि भोपाळहून माझ्या ढाबळीत एकही कबूतर कधी परत आलं नव्हतं. पहिलं नाही, शेवटचं नाही, लंगडत नाही, चौथ्या दिवशी नाही. तीन वर्षं मी गच्चीवर खुर्ची टाकून मान वर करून बसलो. मान आखडायची, बायको तेल लावून द्यायची आणि खाली जायची. बाजारात हमाल विचारायचे, "शेठ, भोपाळचं पाव्हणं आलं का?" एकाला मी चहाचा कप फेकून मारला. कप कागदी होता, पण चहा गरम होता.

माझे व्याही सास्तूरचे. भूकंपानंतर मिळालेल्या घरावर त्यांनी पत्र्याचं शेड घातलं आहे, तीच त्यांची ढाबळ. तिला धड रंग नाही. कबुतरंही तशीच, कुणाची शेपूट विस्कटलेली, कुणाचा रंग चुलीतल्या राखेसारखा. आणि दर वर्षी त्यांची दोन-तीन तरी भोपाळहून घरी येतात. गावात लोक म्हणतात की मी मुलगी द्यायला गेलो तेव्हा मुलाआधी ढाबळ पाहिली. हे साफ खोटं आहे. मुलगा आधी पाहिला. ढाबळ नंतर पाहिली, फक्त जरा जास्त वेळ पाहिली.

लग्न होऊन वर्ष उलटल्यावर मी विषय काढला. एक जोड द्या, म्हटलं, तिची पिल्लं मी भोपाळहून उडवीन. जोडीला स्वतःला उडवायचं नसतं. दुसऱ्याच्या ढाबळीत वाढलेलं कबूतर सोडलं की ते थेट जुन्या घरी जातं. म्हणून विकत घेतलेली जोड कायम कोंडून ठेवायची, उडायचं ते तिच्या पिल्लांनी. तेव्हा सगळा खेळ जोड निवडण्याचा. भाव विचारला तर व्याह्यांनी कानाला हात लावला.

"सोयऱ्याकडून पैसा घ्यायचा व्हय, पाव्हणं? हात लावाल ती तुमची."

रीत म्हणून हे बरोबरच. पण माझी पंचाईत लक्षात घ्या. मी भाव करत करत पारख करणारा माणूस. आधी वाईट जनावराची किंमत विचारायची, मग मधल्याची, आणि चांगल्याकडं पाठ करून उभं राहायचं. समोरचा कुठं अडतो, कुठं पटकन उतरतो, यावरून मला कळतं कोणतं काय आहे. इथं भावच नव्हता. रुमाल काढून घेतल्यावर दलालानं हात कुठं घालायचे?

तरी मी उतरलो मैदानात. पत्र्याखाली वाकून एकेक कबूतर हातात घेतलं. हातात नीट बसतं का पाहिलं, पंख पंख्यासारखा उघडून पिसं मोजली, डोळे उन्हाकडं करून पाहिले. व्याही कोपऱ्यात उपड्या बादलीवर बसून तंबाखू मळत होते. माझं बरंच काही पाहून झाल्यावर त्यांनी उठून एक राखी मादी माझ्यापुढं धरली. पायाचं एक नख गेलेलं, शेपटीत दोन पिसं कमी, वय झालेलं.

"ही घेऊन जावा," ते म्हणाले. "उशिरा येती, पण येती. हिची पिल्लंबी येत्यात."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते खाली तंबाखूकडं पाहत होते. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच.

मग मी एका निळसर नराला हात घातला. पंखावर दोन काळे पट्टे, छाती पुढं, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. व्याही लगेच म्हणाले, "त्यो नगं, पाव्हणं. दोन-अडीचशे किलोमीटरला लई भारी हाय. लांबचा न्हाय."

याचाही अर्थ माझ्या धंद्यात एकच. मी नर करंडीत ठेवला.

तेवढ्यात माझी मुलगी चहा घेऊन वर आली. तिनं करंडीत पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अप्पा, मामंजी सांगत्यात ती राखी मादी घ्या की."

म्हटलं, झालं. वर्षभरात पोर त्यांच्या बाजूला गेली. आता तर मी ती मादी घेणार नव्हतोच. नराच्या जोडीला त्याच्याच रंगाची देखणी मादी उचलली आणि निघालो. व्याही पायरीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "बघा बरं, तुमची पारख." वाशीपर्यंत मी मोटारसायकलवर एकटाच हसत होतो.

पिल्लं झाली ती चित्रासारखी. पुढच्या हंगामात संभाजीनगरहून पहिली आली. जळगावहूनही पहिली आली. दोन्ही वेळा मी व्याह्यांना फोन केला आणि जरा लांबवूनच सांगितलं. ते दोन्ही वेळा म्हणाले, "ब्येस झालं." त्यांच्या आवाजात मला जळणं ऐकू आलं. आता वाटतं, ते मीच घातलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी चार पिल्लं भोपाळच्या गाडीत दिली. आदल्या दिवशी बायकोला सांगून पेढे आणून ठेवले. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकाशात घारी आणि बगळे सोडून काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ढग होते, त्यामुळं मी ढगांना बोललो. तिसऱ्या दिवशी बायकोनं पेढे शेजाऱ्यांत वाटून टाकले, खराब होतील म्हणून, आणि कशाचे पेढे म्हणून विचारणाऱ्यांना काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला. सास्तूरला तीन कबुतरं आली होती. तीनही त्या राखी मादीच्या पोटची. मी विचारलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं.

मी तसाच सास्तूरला गेलो. व्याही वर शेडमध्ये पाणी बदलत होते. मी जोडेही काढले नाहीत.

"तुम्हाला ती मादी मला द्यायचीच नव्हती," मी म्हणालो.

मला वाटलं, ते नाही म्हणतील, शपथ घेतील, मग मी आवाज चढवीन. मी वाटेत तशी तयारी केली होती. ते पाण्याचं भांडं ठेवत म्हणाले, "नव्हतीच."

"मग तसं सांगायचं."

"सोयऱ्याला न्हाय म्हणता येतंय व्हय? तुमी हात लावला असता तर द्यावीच लागली असती. समदी ढाबळ त्या एका मादीवर हाय. लई घोर लागला व्हता बघा. मंग सूनबाईला इचारलं, कसं करावं. ती म्हणली, मामंजी, सोपं हाय. तुमी घ्या म्हणा. अप्पा घ्यायचे न्हाईत."

मी त्यांच्या उपड्या बादलीवर बसलो. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. पदर तोंडावर नव्हता, हसतही नव्हती. म्हणाली, "अप्पा, जोडं काढा. जोड्याखाली शेण आलंय समदं."

मी जोडे काढले.

व्याह्यांना माझी दया आली असावी. राखी मादीखाली नुकतीच पिसं फुटलेली दोन पिल्लं होती. ती त्यांनी उचलून माझ्यापुढं ठेवली. या वयाची पिल्लं कुठंही नेली तरी तिथलीच होतात, म्हणजे ती माझ्या गच्चीवर परत आली असती. एक तुम्ही घ्या, म्हणाले, एक मला राहू द्या. आणि कोणतं घ्यावं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

मी हात वर करून थांबवलं. सांगू नका, म्हटलं. कारण ते डावं म्हणाले तर उजवं घ्यावं, की त्यांनी तेच ओळखून डावं म्हटलं म्हणून डावंच घ्यावं, हे मला ठरवता आलं नसतं. ते गप्प झाले. पण गप्प बसूनही ते उजव्या पिल्लाकडं जरा जास्त पाहत आहेत असं मला वाटलं. मग वाटलं, मुद्दामच पाहत आहेत. मी मुलीकडं पाहिलं. ती आकाशाकडं पाहत होती. पाऊण तास मी त्या दोन पिल्लांपुढं उकिडवा बसलो. त्यांच्यात फरक तर दिसत नव्हताच, वर ती आणखीच एकमेकांसारखी दिसायला लागली. शेवटी गुडघे दुखले आणि मी रिकामी करंडी घेऊन घरी आलो.

व्याह्यांवर माझा राग आहे, पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, फक्त इतकं चांगलं जमलं नसतं. त्यांना मी जाब विचारणार नाही. जाब मुलीनं द्यायचा आहे. तीस वर्षं मी लोकांची तोंडं वाचली, आणि माझं तोंड घरात बसून वाचलं ते तिनं. वाचलं ते ठीक. पण ते परक्या माणसाला, आणि तेही कबुतरांच्या माणसाला, चहा ठेवता ठेवता सांगून टाकलं, वर माझ्या तोंडावर 'घ्या की' म्हणाली. फोनवर विचारलं तर म्हणते, अप्पा, मी तर खरंच घ्या म्हणलं व्हतं. हे मला चालणार नाही. दिवाळीला नाही, सणाला नाही, या वेळी भोपाळची गाडी सुटेल त्या दिवशी तिनं वाशीला यावं, चार दिवस माझ्या शेजारी गच्चीवर बसावं, आणि समोर बसून सांगावं की माझ्या ढाबळीत एक कबूतर येऊ शकत होतं, ते तिनं का येऊ दिलं नाही.