अंबरनाथचे खांब

आज पेटीत अंबरनाथच्या देवळाचं जुनं चित्र सापडलं आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. एडिंबरोच्या धुरकट वर्गात स्थापत्य शिकवणारे गोरे मास्तर तेच चित्र उंचावून म्हणाले होते, "हे तुमच्या लोकांना जमलं नसतं. कुणी परदेशी शिकवून गेला असणार."

मी मूठ आपटून उठलो. "मी कल्याणचा! दर शिवरात्रीला तिथे जात होतो!"

"मग सांगा, मंडपात खांब किती?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळला आणि मी मुकाट खाली बसलो. जन्मभर देवापुढे डोळे मिटून उभा राहिलेला माणूस खांब कधी बघणार?

मास्तरांवरचा राग गेलेला नाही, स्वतःवरचा तर नाहीच. परत आल्यापासून मी त्या देवळात पिंडीकडे पाठ करून खांबच न्याहाळतो आणि गुरव ओरडतो, "अहो रावसाहेब, देव इकडे आहे!"