सात नंबरच्या खाटेवरचं इंजेक्शन

संगमनेरच्या ज्या मिशनच्या दवाखान्यात मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून नोकरी करतो, तिथं आम्ही पेशंटला खाटेच्या नंबरानं ओळखतो. पेशंट मात्र आपसांत खाटा बदलत राहतात. कुणाला पंखा हवा असतो, कुणाला खिडकी.

त्या दुपारी सात नंबरला जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं होतं. मी दिलं. नाव विचारलं नाही. सात नंबरचा पेशंट पंख्याखाली गेला होता आणि त्याच्या जागी, खिडकीशी, अकोले तालुक्यातले एक म्हातारे बाबा येऊन पडले होते. त्यांना न्यूमोनिया होता. शुगरचा आजार नव्हताच.

तासाभरात बाबा घामानं भिजले, बरळायला लागले. बोटाला सुई टोचून शुगर पाहिली, तेव्हा सगळं लक्षात आलं. शिरेतून ग्लुकोज सोडलं. डॉक्टर धावत आले. "एवढी कशी उतरली?"

"सकाळपासून जेवले नाहीत, सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाबा सावरले. इन्चार्ज सिस्टरांना मात्र मी खरं सांगितलं. अशा चुका लिहायचा फॉर्म मेट्रनच्या कपाटात असतो; किल्ली मागितली की अख्ख्या स्टाफला कळतं. त्यात पहिलाच रकाना चूक करणाऱ्याच्या नावाचा. खाटांची अदलाबदल लिहायला जागाच नाही.

"पेशंट बरा आहे ना? मग कशाला उकरतोस? मागं एकीनं लिहिलं, तिला मेमो मिळाला," सिस्टर हसत म्हणाल्या. "कबुलीच द्यायची तर रविवारी चर्चमध्ये दे."

मीही हसलो. किल्ली मागितली नाही.

बाबांची बायको रोज नातेवाइकाकडून भाकरी करून आणायची. त्या दिवशी तिला उशीर झाला होता. संध्याकाळी डॉक्टरांचं ऐकून मुलगा सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर ओरडला, "बापाला उपाशी मारती का गं?" मी शेजारच्या खाटेचं सलाईन लावत होतो. ते संपवून बाहेर गेलो.

हे मी घरीही सांगितलेलं नाही. हल्ली डबा एकटाच खातो.

डिस्चार्जच्या दिवशी बाबांची बायको माझ्याजवळ आली. "भाऊ, तुमी हुता म्हून वाचले. माज्यामुळंच झालं ते. आता दुपारचं किती वाजता जेवाया दिऊ, म्हंजी परत असं व्हनार न्हाई?"

"बाराच्या आत," मी सांगितलं.