कडू लवकी

गेल्या वर्षीच्या भादव्यातली गोष्ट. सिंदी मेघेतल्या आपल्या गल्लीत सुलोचना फाटकापाशी उभी होती. कचऱ्याची घंटागाडी समोर येऊन थांबली. सहज तिची नजर आत गेली आणि ती जागच्या जागी थिजली. कचऱ्यावर पाच लवक्या, म्हणजे दुधी भोपळे, सुकत चाललेले दोडके आणि ढेमशांचा ढीग पडला होता. सगळी तिच्याच घरची भाजी. दोन दिवसांपूर्वी तिनं स्वतः टोपली घेऊन घरोघर वाटलेली.

"बाप्पा!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

चूक तिचीच होती, हे ती जाणून होती. घरात खाणारी तोंडं तीन. ती, नवरा बंडूजी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई तानाबाई. बंडूजींचं देवळीला वह्या-पुस्तकांचं दुकान. सकाळच्या बसनं जायचे ते दिवेलागणीला परतायचे. घरामागचा वीस बाय तीस फुटांचा तुकडा पडीक होता. सुलोचनानं हौसेनं तो खणला, बियांच्या सगळ्या पुड्या एकाच दिवशी फोडल्या, आणि भादव्यात सगळं एकदम अंगावर आलं. शेतकऱ्याघरची लेक ती. ताटातला भातही कधी टाकला नव्हता, आणि इथे टोपल्याच्या टोपल्या कचऱ्यात!

यंदा मात्र तिनं ठरवूनच घेतलं. उन्हाळाभर एका वहीत लिहीत गेली: आज काय रांधलं, किती लागलं, काय उरलं. त्यातून कळलं की लवकी आठवड्यात दोनदाच शिजते, वांगी तीनदा, आणि गवार घरात कोणालाच फारशी आवडत नाही. मग जागेचे चार वाफे पाडले. वांग्याची चारच रोपं, मिरचीची पाच, टमाट्याची सहा. लवकीचे दोन वेल, तेही महिन्याच्या अंतरानं लावलेले, म्हणजे एक दमला की दुसरा फळाला यावा. मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर बारा-बारा दिवसांनी हातभर पट्टीतच पेरायचा. एक पट्टी कापणीला, एक वाढणारी, एक नुकती उगवलेली. तानाबाई खाटेवर बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "सरकारी काम करून राह्यली का व तू?"

पण जमलं. गणपती आले तरी घरातलं एक पानही वाया गेलं नव्हतं. शेजारच्या अंजूला सुलोचनानं अभिमानानं सांगितलं, "आखाडीपासून माह्या घरचा एक देठ बी गाडीत गेला नाई."

खताच्या खड्ड्यापाशी तेवढा एक वेल उगवला होता, आपोआप. गेल्या वर्षीच्या कुठल्यातरी फळाचं बी. बंडूजी म्हणाले, "उपटून टाक तो. तुह्या वहीत नाई."

"वाढून राह्यला तर काऊन उपटू? जीव हाये त्याच्यात."

त्या वेलाला तीन लवक्या धरल्या. पहिली तिनं एका मंगळवारी दुपारी चण्याच्या डाळीत रांधली. तानाबाईंनी घास तोंडात घातला आणि तसाच थुंकला.

"कडू हाये, सुलोचना! जहर हाये! टाकून देजो."

सुलोचनानं चाखलं. खरंच कडू होतं, जिभेच्या मुळापर्यंत कडू. पण आखाडीपासून काही टाकलं नव्हतं, ते आज कसं टाकायचं? कारलं काय गोड असतं? तिनं भाजीत गुळाचा खडा टाकला, सासूला दही-भात वाढला आणि स्वतः दोन पोळ्यांबरोबर वाटीभर भाजी संपवली. वरून म्हणाली, "कडू पोटाले चांगलं राह्यते, आई."

ताटं घासून होतात न होतात तोच पोटात पीळ पडला. ती मोरीपर्यंत कशीबशी पोचली. उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. चौथ्या उलटीला मोरीत लाल दिसलं. आधी तिला वाटलं, टमाट्याची साल असेल. मग कळलं, ते रक्त आहे. तिचे हातपाय गार पडले. भिंत धरायला गेली तर भिंत सापडेना.

तानाबाई वर्षभरात एकट्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. त्या अनवाणी, काठीसुद्धा न घेता रस्त्यावर आल्या आणि ओरडल्या, "अंजू! धाव व! माही सून मरून राह्यली!"

अंजूनं ऑटो थांबवला. दवाखान्यात नेईपर्यंत सुलोचनाला शुद्ध अर्धवटच होती. रक्तदाब एवढा उतरला होता की दोन्ही हातांना सलाईन लावावं लागलं. बंडूजी देवळीहून पोचले तेव्हा बायकोचा पांढराफटक चेहरा बघून ते दारातच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"घरचीच लवकी. औषध बी मारलं नाई तिच्यावर."

"कडू होती?"

सुलोचनानं मान हलवली.

"कडू लागूनही वाटीभर खाल्लीत?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "अहो काकू, कडू लवकी म्हणजे विषच. शिजवली, गूळ घातला तरी ते जात नाही. कारल्याचा कडवटपणा वेगळा. आणखी थोडी पोटात गेली असती किंवा उशीर झाला असता, तर आज आपण बोलत नसतो."

सुलोचना छताकडे बघत पडून राहिली. फवारणीच्या औषधाची भीती तिला लहानपणापासून होती, सापाची होती. पण स्वतः पाणी घातलेल्या वेलानं जीव घ्यावा? आणि तोच घास तिनं म्हाताऱ्या सासूच्या ताटात वाढला होता! त्यांनी थुंकला म्हणून वाचल्या.

चौथ्या दिवशी ती घरी आली. चूळ भरायला मागच्या दारी गेली आणि चौकट धरून उभी राहिली. मागे काहीच नव्हतं. वांगी, मिरच्या, मेथीच्या पट्ट्या, वेलांचा मांडव, सगळं उपटलेलं. नुसती उघडी काळी माती.

"हे काऊन केलं तुम्ही?" तिनं विचारलं.

बंडूजी खाली बघत म्हणाले, "मले त्या हिरव्याकडं पाहवत नव्हतं. कोन्या झाडात काय हाये, मले का मालूम? सप्पा उपटलं."

"वांग्यानं काय केलं होतं तुमचं?"

बंडूजींच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. सुलोचनाला भांडायचं होतं, पण ते फोड बघून ती उंबऱ्यावर बसली आणि दवाखान्यात आलं नव्हतं ते रडू तिला तिथे आलं. तानाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दिवाळीनंतर तिनं पुन्हा वाफे पाडले. यावेळी बंडूजींनी आखणीची दोरी धरली. आपोआप उगवलेला लवकीचा वेल ठेवायचा नाही, हे तिनं वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं. लवकीची चीर सोलून आधी जिभेच्या टोकाला लावायची, कडू लागली की थुंकायची, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला दारात जाऊन सांगितलं. काहीजणी हसल्या. "लवकीनं कोणी मरते का, काकू?"

मार्गशीर्षात एका दुपारी अंजू धावत आली. हातात एका बाजूनं चीर काढलेली लवकी. "काकू, चीर जिभेले लावली. कडू लागली. लगेच थुंकली."

सुलोचनानं अंजूला आधी चूळ भरायला लावलं. मग लवकी तिच्याकडून घेतली, कुंपणापाशी गुडघाभर खड्डा खणला, कुणाची शेळीही उकरून खाऊ नये एवढा खोल, आणि सबंध फळ त्यात टाकून माती पायानं दाबून बसवली.