टीव्हीवर पडलेल्या अक्षता

अकरम,

तुझ्या स्टुडिओला वीस वर्षं होताहेत. "बाई, माझ्यावर चार चांगल्या ओळी लिहून द्या, फ्रेम करून लावतो," असं सांगून गेलास. चार चांगल्या ओळी मला जमत नाहीत. शिवाय रिंकूच्या लग्नाची गोष्ट तू सांगतोस तेव्हा नेमकी स्वतःची चूक गाळतोस. म्हणून आता मी सांगते, आणि तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. मध्ये बोलू नकोस.

राजुऱ्यात अकरम नावाचा एक शूटिंगवाला होता. माणूस सालस, पण डोक्यात एखादी कल्पना शिरली की ती बाहेर निघायला फार दिवस लागत. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात दुसरा कॅमेरा शिरला. एका कॅमेऱ्यात म्हणे लग्नाची एकच बाजू येते. नवरीचं तोंड घ्यावं तर नवरदेवाची पाठ येते, दोघांना घ्यावं तर मधे भटजीचं टक्कल. म्हणून एक कॅमेरा स्टेजजवळ आपण धरायचा, दुसरा मांडवामागे बैलगाडीवर चढून बायकोने, म्हणजे नाहीदने धरायचा. दोन्हींच्या वायरी एका डब्यात आणायच्या आणि बटण दाबून हवी ती बाजू मांडवातल्या टीव्हीवर तिथल्या तिथे दाखवायची. हात रिकामा नसल्यामुळे बटण पायाच्या अंगठ्याने दाबायचं.

"अन् गाडीले कोणी बैल जुंपले तं?" नाहीदने विचारलं.

"लग्नात कोण बैल जुंपते?"

"तुमी विचारून तं ठेवा."

पहिलं गिऱ्हाईक मिळालं वर्धा नदीकाठच्या एका गावात. प्रेमिलाबाई, घरी मासेमारी, पोरीचं लग्न. तिला दोन कॅमेऱ्यांचं कौतुक नव्हतं. तिची सासू, सोमारीआजी, कमरेचं हाड मोडून खाटेवर होती. रिंकूला लहानाची मोठी तिनेच केलेली. खाट स्टेजजवळ नेली की पंगतीची वाट अडत होती, त्यामुळे ती मांडवाच्या पार शेवटी, कडुनिंबाखाली टाकलेली.

"मले तुमचं अँगल-फिंगल काई समजत नाई, अकरमभाऊ," प्रेमिलाबाई म्हणाली. "आमच्या बुढीले खाटेवरून नातीचं लगन दिसलं पाहिजे. दिसलं तं गावातले यंदाचे बाकीचे तिनई लगन तुमचे. नाई दिसलं तं टीव्ही डोक्स्यावर घेऊन राजुऱ्याले पैदल जाजा."

"दिसन, बाई. नथीतले मणी मोजून घेजा म्हणा आजीले."

मग आजीच्या पायथ्याशी दोन टेबलं एकावर एक चढवून वर टीव्ही बसवला. आता यात चूक काय झाली, ते अकरमने आजवर कुणाला सांगितलेलं नाही; मला नाहीदकडून कळलं. टीव्ही एकच होता, आणि तो सगळ्यांच्या पाठीमागे होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. टीव्हीवर रिंकूचा चेहरा आला, परातीएवढा. झालं! चारशे माणसं स्टेजकडे पाठ करून उभी राहिली. स्टेजकडे तोंड करून फक्त अकरम होता, आणि तो एक डोळा मिटून कॅमेऱ्यात शिरलेला. त्याला वाटलं, वा, काय शांतता आहे. भटजी "सावधान" म्हणाले आणि चारशे मुठींतल्या अक्षता टीव्हीवर सुटल्या. निम्म्या टीव्हीवर गेल्या, निम्म्या आजीवर.

"अरे मुडद्यांनो!" आजी खाटेवरून ओरडली. "माह्यं लगन लावून राह्यले का?"

दर कडव्याला तेच. बैलगाडीवर नाहीदला हसू आवरेना. अकरमने अंगठ्याने तिची बाजू घेतली तर टीव्हीवर अख्खा मांडव गदगदा हलायला लागला, आणि चार बाया भूकंप झाला म्हणून पोरं उचलून निघाल्या.

अष्टकं संपली तेव्हा रिंकू आणि नवरदेव प्रफुल हार घेऊन तसेच उभे होते. अंगावर दाणा नव्हता. नवरदेवाचे मामा, मुखरूभाऊ, त्यांनी पोराचे खांदे झटकून पाहिले, स्टेजवर वाकून पाहिलं आणि गरजले, "हे लगन आमाले मंजूर नाई! पोरावर एक अक्षता पडली नाई. सगळ्या टीव्हीवर पडल्या. आता काय टीव्हीले सून म्हणून घरी न्याव?"

"कलर हाये मामा, घेऊन टाका!" गर्दीतून कोणीतरी बोललं.

प्रेमिलाबाईने अकरमकडे पाहिलं. त्याला राजुऱ्याचा रस्ता आणि डोक्यावरचा टीव्ही स्पष्ट दिसला. त्यात भर म्हणून आजीची हाक, "अकरम्या, मले तं तांदुळानं काईच नाई दिसलं!"

तो म्हणाला, "मामा, लोकं तोंड फिरवत नाईत न? मग नवरा-नवरीच तिकडं नेऊ. पुन्हा एकदा लावू जी लगन."

भटजी कुरकुरले, पण पंगत पुढे होती. जोडप्याला टीव्हीसमोर आणून उभं केलं. अकरम कॅमेरा घेऊन मागोमाग गेला आणि त्याने तो समोरून रोखला, म्हणजे मागच्या टीव्हीसकट. टीव्हीवर रिंकू दिसली. तिच्यामागे टीव्ही, त्यात रिंकू, तिच्यामागे टीव्ही, त्यात रिंकू. पार आत मुंगीएवढी होईपर्यंत नवऱ्याच नवऱ्या.



"अबे," मुखरूभाऊ म्हणाले, "आमच्या पोराची तं एकच ठरली होती!"

"यातली माही रिंकू कोणती?" आजीने डोळे बारीक केले. "आशीर्वाद कोणतीले देऊ?"

"सगळ्या तुमच्याच जी."

"एकीचं तं धड तोंड दाखव!"

अकरम तीन पावलं डावीकडे सरकला. गर्दी पांगावी तशा बाकीच्या नवऱ्या गेल्या आणि टीव्हीवर एकटी रिंकू उरली, मोठी, नथीच्या मण्यांसकट. आजीचं तोंड उघडंच राहिलं. भटजींनी घाईघाईने दोन अष्टकं म्हटली. या वेळी लोकांनी बरोबर जोडप्यावर अक्षता टाकल्या, खुद्द मुखरूभाऊंनी दोन मुठी टाकल्या. आजीने मात्र उशीखालची आपली मूठ काढली आणि नेम धरून टीव्हीवर मारली.

"आजी, मी इथी आहो न! तुह्या बाजूले!" रिंकू म्हणाली.

"चूप बस. मले लगन पाहू दे."

आजीच्या अक्षता टीव्हीच्या वरच्या जाळीतून सुळकन आत गेल्या. तिन्ही लग्नं अकरमला तिथेच मिळाली. पण रिंकू रडायला बसली. बाकी कोणाच्या पडोत न पडोत, आजीच्या तेवढ्या अंगावर पडायला हव्या होत्या. आजीने हुकूम सोडला, "अकरम्या, त्याचं पोट फाड अन् माह्या अक्षता काढून पोरीले पोचव."

दुसऱ्या दिवशी त्याने टीव्ही उघडला. आत मूठभर पिवळा तांदूळ निघाला, आजीचा कोणता नि गावाचा कोणता ते कळेना. सगळाच वेचून त्याने कॅसेटच्या रिकाम्या डबीत भरला.

पुढचं तुला अर्धंच ठाऊक आहे, अकरम. मी तेव्हा रोज कोरपन्याला कॉलेजात शिकवायला जात होते आणि रिंकूचं सासर तिथल्या बसस्टँडच्या मागे. म्हणून डबी तू माझ्या हातात दिलीस. दोन मिनिटांचं काम. पहिल्या आठवड्यात परीक्षेचे पेपर होते. नंतर मला लाज वाटायला लागली. इतिहास शिकवणारी बाई टीव्हीच्या पोटातला तांदूळ घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार, आणि म्हणणार काय? तू दोनदा विचारलंस, मी दोन्ही वेळा "दिला" म्हणाले. तेच तू आजीला जाऊन सांगितलंस.

दिलेला नाही. डबी माझ्या कपाटात आहे, पुस्तकांच्या मागे.